वांगावरचं लेझर आणि ‘फक्त एक सही’

प्रिय ताई,

मी डिचोलीची, वय ४१. साखळीला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, जाणं-येणं स्कूटरने. धाकट्याच्या बाळंतपणात दोन्ही गालांवर वांग उठले ते गेलेच नाहीत. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास पणजीतल्या एका स्किन क्लिनिकची जाहिरात मोबाइलवर आली. ‘लेझर टोनिंग’चं आठ सिटिंगचं पॅकेज घेतलं, ४० हजारांचं. पोस्टातली आरडी मोडली. घरी निम्मीच रक्कम सांगितलीय.

पहिल्या दिवशी डॉक्टर भेटले, पाचेक मिनिटं. पुढे दर आठवड्याला मशीनवाल्या मॅडमच सगळं करायच्या. तीन सिटिंगनंतर चेहरा खरंच उजळला, काय लावतेस म्हणून बायका विचारायला लागल्या. पाचव्या वेळी गालावर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. मॅडमना दाखवले तर म्हणाल्या, ‘स्किन रिपेअर होतेय.’ सहावं सिटिंग झालं आणि महिन्याभरात वांग पहिल्यापेक्षा गडद झाले, मधूनमधून ते पांढरे ठिपके. काउंटरवर एका आजीने विचारलं, ‘तोंडार कितें गे हें तुज्या?’ तेव्हापासून मास्क लावून बसते. रात्री लावायला त्यांनी बिननावाच्या पांढऱ्या डबीत एक क्रीम दिलंय. ते एक दिवस चुकलं तरी चेहरा भाजल्यासारखा लाल होतो.

आता क्लिनिक म्हणतं, आणखी चार सिटिंग फुकट देतो, फक्त एका कागदावर सही करा. पैसे परत मिळणार नाहीत, पावतीवर तसं छापलंय. जाऊ का मी? सिटिंगच्या कार्डाचा फोटो सोबत पाठवतेय. लग्न पुढच्या महिन्यात आहे. शिकलेली असून अशी फसले याची लाज वाटते. पाळी अनियमित म्हणून तीन वर्षं गायनॅकच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत ठीक.

— एक वाचक, डिचोली

*

जाऊ नका. आणि त्या कागदावर सही तर मुळीच करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी त्वचेची डॉक्टर नाही. फार्मसीच्या काउंटरमागे आयुष्य गेलं, त्यामुळे चेहऱ्याला काय काय लावलं जातं आणि त्याचं पुढे काय होतं, हे बरंच पाहिलंय. तेवढ्या अधिकाराने सांगते.

इतकं ठाम ‘नाही’ म्हणते ते त्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे. लेझर टोनिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं मशीन, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं, कमी ताकदीवर ठेवून चेहऱ्यावर पुन्हापुन्हा फिरवायचं. हा किरण त्वचेतल्या मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगद्रव्याला, गाठतो आणि त्याचा भुगा करतो. एका वेळचा मारा सौम्य असतो. साल निघत नाही, फारसं दुखत नाही, लगेच बस पकडून घरी येता येतं, आणि म्हणूनच ते निरुपद्रवी वाटतं. पण तोच गाल दर आठवड्याला मशीनखाली आला की रंग तयार करणाऱ्या पेशींनाच इजा होते आणि ठिपक्याठिपक्यांनी रंग उडतो. हा टोनिंगचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, तुमच्यावरच काही जगावेगळं घडलेलं नाही. ठिपके दिसले की लेझर थांबवायचं असतं. तुम्ही ते पाचव्या वेळी स्वतः दाखवलेत, आणि तरीही सहावं सिटिंग झालं. तुमच्या अख्ख्या पत्रात मला याहून गंभीर काही दिसत नाही, वांग गडद झाले ते धरूनसुद्धा.

कुणाचे ठिपके काही महिन्यांत भरून येतात, कुणाला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, थोडे राहूनही जातात. त्यांच्यावर आणखी चार वेळा तेच मशीन फिरवणं हा काही उपाय नव्हे. आता हे ठिपके लेझरचेच की दुसऱ्या कशाचे, ते पत्रावरून ठरवता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प नावाच्या जांभळट दिव्याखाली बघतात, दोन मिनिटांचं काम असतं. ते करून घ्या.

तीन सिटिंगनंतर चेहरा उजळला तो भास नव्हता. साठलेला रंग फुटला की डाग फिके दिसतात. पण वांगाचं मूळ त्या साठलेल्या रंगात नाही, रंग बनवणाऱ्या पेशी चेकाळल्या आहेत त्यात आहे. त्यांना चेकाळवणाऱ्या गोष्टी म्हणजे ऊन, स्त्री-संप्रेरकं, घराण्यातली प्रवृत्ती, आणि उष्णता. त्या चालूच ठेवून नुसतं लेझर मारायचं म्हणजे वरचं कौल फुटलेलं तसंच ठेवून खालची जमीन पुसत बसणं. त्यातून लेझर स्वतःच उष्णता देतं. सावळ्या त्वचेला डिवचलं की ती बरी होताना काळी पडते, हे मुरुम फोडणाऱ्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञाने त्वचेचे ऊन सोसण्यावरून प्रकार पाडले. आज ते सहा मानतात आणि आपण बहुतेक भारतीय त्यातल्या चौथ्या-पाचव्यात बसतो. वरच्या थरातच मेलॅनिन जास्त असल्यामुळे किरणाची उष्णता आपल्याकडे तिथेच अडकते, आणि गोऱ्या कातडीवर चालून जाणारी मात्रा आपल्याला जड जाते.

म्हणून लेझर वाईट असं नाही. डोळ्याभोवतीचा जन्मजात निळसर डाग, ज्याला नेव्हस ऑफ ओटा म्हणतात, तो याच जातीच्या मशीनने छान फिका होतो. गोंदण निघतं, नको ते केस कमी होतात. वांगाच्या बाबतीत मात्र लेझर हा पहिला उपाय नाही. सनस्क्रीन आणि मलमांनी काही महिन्यांत भागलं नाही तर, जपून, अंतर ठेवून, आणि ‘हे परत येऊ शकतं’ असं तोंडावर सांगून करायची ती गोष्ट आहे. वांग आटोक्यात राहतात, फिके राहतात. ‘कायमचे घालवतो’ असं सांगून आठचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकणाऱ्याने तुम्हाला उपचार विकलाच नाही, लग्नाची तारीख बघून सौदा केला.

आता त्या गोळ्या. तुम्ही त्या पत्राच्या शेपटाला लिहिल्यात, ‘बाकी तब्येत ठीक’च्या आधी. माझ्या मते त्या पहिल्या ओळीत यायला हव्या होत्या, आणि क्लिनिकने पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हव्या होत्या. पाळीसाठी दिलेल्या बऱ्याच गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांचेच हार्मोन असतात, आणि वांग उठवणाऱ्या कारणांत त्यांचं नाव फार वर आहे. गरोदरपणात उठलेले वांग बाळंतपणानंतर अनेकींचे आपोआप फिके होतात. तुमचे हटलेच नाहीत, त्यात या तीन वर्षांचा हात असू शकतो. मनाने बंद करू नका, त्या कशासाठी दिल्यात ते गायनॅकलाच माहीत. पाकीट घेऊन जा आणि सरळ विचारा, ‘याला पर्याय आहे का?’

याच पाकिटाशी आणखी एक धोक्याची गोष्ट जोडलेली आहे. वांगासाठी हल्ली ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. मूळचं ते रक्तस्राव थांबवायचं औषध, कमी मात्रेत वांगावर चांगलं लागू पडतं. पण ते रक्त गोठण्याच्या बाजूने काम करतं, आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असलेल्या गोळ्याही त्याच बाजूच्या. दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात. उद्या कुणी ‘अमकीला गुण आला’ म्हणून ती गोळी सुचवली, किंवा घाईतल्या डॉक्टरांनी न विचारता लिहून दिली, तर तुम्हीच सांगायचं की माझ्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत.

पांढरी डबी फेकू नका. आत काय आहे ते न बघता सांगता येत नाही, पण एक दिवस चुकलं की चेहरा पेटतो, हे स्टेरॉइडचं लक्षण मी इतक्या चेहऱ्यांवर पाहिलंय की शंका घेतल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे बायका येतात त्या पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब रुमालात गुंडाळून, ‘हेच द्या, दुसरं नको.’ चिठ्ठी कुठेय म्हटलं की राग येतो. पहिले काही आठवडे या क्रीमने चेहरा नितळ, गोरा दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरुम येतात, लव वाढते, आणि सोडायला जावं तर आग. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, तरी बिननावाच्या डब्यांना कुठली यादी! ही डबी एकदम बंद करायची की हळूहळू सोडायची, ते बघणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. म्हणून याच आठवड्यात जा.

कुठे? बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग ओपीडीत. रांग असेल, बाकावर बसावं लागेल, एसी आणि ग्रीन टी मिळणार नाही. पण तिथे तुम्हाला पॅकेज विकण्यात कुणाचं हित नाही, आणि तुम्हाला आत्ता अशाच डोळ्यांची गरज आहे. खाजगीत जायचं तर पाटीवरची पदवी वाचा. एमडी, डीव्हीडी, डीडीव्हीएल, डीएनबी यांपैकी काहीतरी, आणि तेही त्वचारोगातलं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हे शब्द कितीही सोनेरी अक्षरांत असले तरी ती त्वचारोगतज्ज्ञाची पदवी होत नाही. जाताना मेकअप नको. बरोबर डबी, गोळ्यांचं पाकीट, सिटिंगचं कार्ड, आणि लेझरच्या आधीचा एखादा साधा फोटो न्या. केसपेपरवर ठिपक्यांची नोंद तारखेसह करून घ्या. त्याचा उपयोग पुढे सांगते.

तोवर घरी करण्यासारखं एकच, पण ते पक्कं करा. तुम्ही सकाळी डिचोलीहून साखळीला जाता म्हणजे पूर्वेला, संध्याकाळी परतता ते पश्चिमेला. दोन्ही वेळा ऊन समोरून, थेट गालांवर. पारदर्शक वायझर पुरेसा नाही, काचेतून आणि प्लास्टिकमधून थोडेफार किरण येतातच. त्यात आणखी एक गोम आहे. सावळ्या त्वचेला नुसते अतिनील किरण नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही काळवंडवतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन लागतं. फार्मसीत त्या शब्दानेच मागा. एसपीएफ ३० च्या वरचं, शक्यतो ५०. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, चिमूटभर नव्हे. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, दुपारी पुन्हा, आणि संध्याकाळी स्कूटर काढण्याआधी पुन्हा. पावसाळ्यातही. आभाळ भरलं म्हणून ऊन सुट्टीवर जात नाही, आणि वांग असलेल्या अर्ध्या बायका जून ते सप्टेंबर ट्यूब कपाटात ठेवतात. स्कूटरवर दाट विणीचा सुती स्कार्फ बांधा. मास्क रस्त्यावर ठीक, पण गालाला घासणारा नको, घासण्यानेही डाग वाढतात. शेजारीण लिंबू चोळायला सांगेल. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर नवे डाग पडतात, तेव्हा लिंबू आमटीत बरं.

पुढे डॉक्टर मलम देतील. हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारं औषध असलेलं तिहेरी मलम दिलं तर ते ठरलेल्या आठवड्यांपुरतंच असतं. त्यातही सहसा स्टेरॉइड असतंच, म्हणून गुण आला तरी तीच चिठ्ठी वर्षभर चालवायची नाही. फरक कळायला दोन-तीन महिने जातात. रोज निरखत बसू नका. पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, बिनफ्लॅशचा एक फोटो काढा. क्लिनिकमधले ‘आधी-नंतर’चे फोटो तुम्हाला दाखवले असतीलच. त्यातला दिवा बदललेला असतो का, ते आता पुन्हा बघा.

पैशांचं. पावतीवर ‘परतावा नाही’ छापलं म्हणून तो कायदा होत नाही. सदोष सेवा द्यायची आणि पैसे परत करायला नकार द्यायचा, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. तरी एक कडू गोष्ट आधी ऐका. ‘अपेक्षेइतका गुण आला नाही’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. औषध प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, आणि ग्राहक आयोगही तेच म्हणेल. तुमची बाजू उभी राहते ती दुसऱ्या गोष्टींवर. डॉक्टर पहिल्या दिवशीच भेटले. वांग परत येतात, रंग उडू शकतो, हे आधी सांगितल्याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही, आणि जोखीम न समजावता घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. आणि ठिपके दाखवूनही मशीन चालूच ठेवलं. मॅडमशी व्हॉट्सॲपवर त्याबद्दल काही बोलणं झालं असेल तर ते जपून ठेवा, त्याचे स्क्रीनशॉट नवऱ्याच्या नाहीतर बहिणीच्या फोनवरही पाठवून ठेवा.

तुमचं कार्ड मी मोठं करून पाहिलं. सहा तारखा, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण, खाली ‘बॅलन्स २’. मशीनचं नाव नाही, किती जूल, म्हणजे किती ऊर्जा, वापरली ते नाही, कुणाची सही नाही. गवळ्याच्या दुधाच्या हिशेबात याहून जास्त लिहिलेलं असतं. म्हणून पहिलं पत्र पैशांचं नको, नोंदींचं लिहा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

‘माझ्यावर केलेल्या लेझर उपचाराची संपूर्ण नोंद मला द्यावी: प्रत्येक सिटिंगची तारीख, वापरलेलं मशीन, मात्रा, उपचार करणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पात्रता, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, माझं संमतिपत्र, माझे फोटो, तसंच रात्रीच्या क्रीममधले घटक. पाचव्या सिटिंगच्या वेळी मी पांढरे ठिपके दाखवले होते. यापुढचे उपचार मी थांबवत आहे.’

शिव्या नकोत, ‘बघून घेईन’ नको, आणि इंटरनेटवर आगपाखड तर नकोच. ती उद्या तुमच्यावरच उलटवतील. नोंदी आल्या किंवा न आल्या, तरी दुसरं पत्र पैशांचं. न घेतलेल्या दोन सिटिंगचे १० हजार तर सरळ तुमचेच आहेत, त्यात वादच नाही. बाकीच्या पैशांसाठी आणि पुढच्या उपचारखर्चासाठी गोमेकॉचा केसपेपर जोडा. ते ‘फुकट सिटिंग’वाले ज्या सहीसाठी अडून बसलेत, त्या कागदात काय असतं माहीत आहे? बहुधा ‘माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ अशी ओळ. म्हणूनच सुरुवातीला इतक्या घाईने नको म्हटलं.

दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अनेक धंदेवाले तेवढ्यानेच जागे होतात. नाहीच झाले तर उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीला आहे. क्लिनिक कुठेही असो, तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची, तेव्हा या महिन्यातच धावाधाव नको. आधी चेहरा, मग भांडण.

घरी मात्र पूर्ण रक्कम आजच सांगा. तक्रारीत ४० हजारच लिहावे लागतील, आणि आयोगाची पत्रं घरच्याच पत्त्यावर येतील. नवऱ्याला ती पोस्टमनकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी. लाजेचं म्हणाल तर जाहिरात तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या, कमावत्या बाईसाठीच बनवलेली असते. आरडी नसलेल्या बाईच्या मोबाइलवर ती येतच नाही.

राहिलं लग्न. मिरवा की! डॉक्टरांनी डबीचा निकाल लावला आणि आग थांबली की टिंटेड सनस्क्रीनवर डाग झाकणारं कन्सीलर लावायला काही हरकत नाही, रात्री हलक्या हाताने उतरवा म्हणजे झालं. पण नणंद सगळ्या बायकांना पार्लरमध्ये घेऊन जाईल, तेव्हा तुम्ही फक्त केसांचं करून घ्या. ब्लीच, फेशियल, पील, वाफ, यातलं काहीही चेहऱ्याला लावू देऊ नका, पार्लरवाली कितीही आग्रह करो.